इकतचा

माझा धाकटा भाऊ दोनदा विकला गेला. पहिल्यांदा तो पाच दिवसांचा होता आणि सूपभर कोंड्याला गेला. दुसऱ्यांदा तो मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात गेला, तेही स्वतः तिथे नसताना. तेव्हा तो कासार आंबोलीतल्या आमच्या घरात चटईवर बसून स्वतःची विक्री टीव्हीवर बघत होता. दोन्ही व्यवहारांना मी हजर होते. मी घोटावड्याजवळच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, खरेदी-विक्री हा माझा रोजचाच धंदा. पण या दोन व्यवहारांनी माझं डोकं जेवढं खाल्लं, तेवढं एकाही ऑडिटने खाल्लेलं नाही.

पहिला व्यवहार आधी सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

माझ्या पाठीवर आईला दोन मुलगे झाले आणि दोघेही रांगायच्या आतच गेले. तिसरा झाला तेव्हा आई त्याच्याकडे धड बघायलाही घाबरायची. अशा वेळी मूल विकून टाकायची आमच्याकडे रीत आहे. पाचवीच्या दिवशी मूल सुपात घालून दाराबाहेर ठेवायचं. घेणारीने बदल्यात कोंडा द्यायचा, कारण कोंड्याच्या मोलाच्या पोरावर कोण कशाला नजर ठेवेल? मग तिने ते मूल 'सांभाळायला देते' असं म्हणून त्याच्याच आईच्या ओटीत परत घालायचं. वाढवायचं आईने, मालकी मात्र घेणारीची. लग्नाआधी काहीतरी मोल देऊन मुलाला सोडवून घ्यायचं, तोवर ते तिचं.

ज्या बाईला आईने सांगून ठेवलं होतं, ती चांगली पाच लेकरांची आई होती. तिने ऐन वेळी डोकं दुखतंय म्हणून निरोप धाडला. आमच्या घरातली दोन पोरं गेलेली सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे दुसरीही कुणी पुढे येईना. सूप दाराबाहेर, सुपात भाऊ, आणि आई उंबऱ्याच्या आत तोंडात पदर कोंबून रडत होती. मी नुकतीच शाळेत जायला लागले होते, पण ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हललेलं नाही. तेवढ्यात शेजारची धनगर मावशी शेळ्यांना कोंडा घालायला निघाली. तिच्या घरी ती आणि नवरा, दोघंच. तिने सुपाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणी घेईना व्हय?"

आईने मान हलवली.

"मंग मी घेते. मला कुटं लेकरं हायेत, त्यास्नी काय व्हईल म्हून भ्यायाला?"

तिने शेळ्यांचा कोंडा आईच्या पदरात ओतला आणि भावाला उचलला. शेळ्या त्या दिवशी उपाशी राहिल्या असतील. भाऊ मात्र जगला, आणि चांगला दांडगा निघाला. त्याच्या नावातही तो कोंडा आला. पण ते नाव इथे सांगणार नाही, तो आधीच माझ्यावर चिडून असतो.

मावशी त्याला कधी नावाने हाक मारायची नाही. "माजा इकतचा" म्हणायची. आता 'विकतचं' हा काही आमच्याकडे कौतुकाचा शब्द नव्हे. विकतचं लोणचं, विकतच्या शेवया, म्हणजे जिला घरी करायला जमत नाही तिचं काम. मावशी मात्र तो शब्द असा उच्चारायची, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकीची पोरं काय, फुकट मिळाल्यासारखी घरात येऊन पडतात. हा बघा, हा निवडून घेतलेला आहे. मला तिचा हेवा वाटायचा आणि त्याचाही. मी फुकटची होते ना!

भाऊ कबड्डीत पडला तो गावच्या मैदानावरच. कोपऱ्यात उभा राहायचा आणि चढाई करणाऱ्याचा घोटा धरायचा. एकदा धरला की सोडायचा नाही. आमच्या भागात जमिनी विकून हाती पैसा आलेल्या लोकांना गाडी आणि बंगला झाल्यावर पुढे काय करावं ते सुचत नाही, तेव्हा ते संघ काढतात. भूगावकडच्या एका प्लॉटिंगवाल्याने असाच संघ काढला. जर्सीवर छातीला त्याचं नाव, पाठीला त्याच्या प्लॉटिंगचं नाव, बाहीवर त्याच्या मेहुण्याचं हॉटेल. खेळाडूच्या नावाला जागा उरली नव्हती. मी भावाला म्हणायचे, "अरे, तू खेळाडू आहेस की चालता-बोलता फ्लेक्स?" पण त्या संघामुळेच तो जिल्ह्यात दिसला, जिल्ह्यातून राज्यात गेला, आणि एके दिवशी त्याचं नाव टीव्हीवरच्या मोठ्या लीगच्या लिलावात लागलं.

तेव्हा मी त्या लीगचा धंदा नीट समजून घेतला. सवय, दुसरं काय. मोठ्या लीगमधला संघ म्हणजे एक कंपनीच. मालक संघ चालवायचा हक्क घेतो. पैसा येतो टीव्हीच्या वाट्यातून आणि कपड्यावरच्या जाहिरातींतून. तिकिटांतून येतो तो किरकोळ. सर्वांत मोठा खर्च खेळाडूंचा, आणि विकायचा मालही खेळाडूच. प्रत्येक संघाला खरेदीसाठी सारखीच रक्कम ठरवून दिलेली असते, तिला पर्स म्हणतात. चढाई करणाऱ्या नावाजलेल्या पोरांवर सगळे तुटून पडतात आणि निम्मी पर्स तिथेच रिकामी होते. मग कोपऱ्यातल्या पोरांची नावं येतात. म्हणजे माझ्या भावाची किंमत त्याच्या पकडीवर कमी आणि त्याचं नाव येईल तेव्हा कुणाच्या पर्समध्ये काय उरलंय यावर जास्त ठरणार होती. हे कळल्यावर मला रागच आला. बाजारातली कोथिंबीरसुद्धा याहून बऱ्या न्यायाने विकली जाते.

लिलावाच्या दिवशी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मीही भूगावहून मुलाबाळांसकट माहेरी आले होते. पडद्यावर त्याचा फोटो आला आणि आई उठून उभी राहिली. एका संघाने पाटी वर केली. मग दुसऱ्याने. मग पुन्हा पहिल्याने. हातोडा पडला, 'सोल्ड' अशी अक्षरं झळकली आणि घरात एकच गलका झाला. वडिलांनी पेढ्यांचा पुडा फोडला. भाऊ हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी मार बसायच्या आधी व्हायचे तसे.

गर्दीतून मावशी पुढे आली. तिच्या हातात काठी होती, मेंढरं तशीच माळावर सोडून आली होती.

"काय झालं?" तिने आईला विचारलं.

"अक्का, इकला गेला!" आई आनंदाने म्हणाली. "लई चांगला इकला गेला!"

मावशीचा चेहरा उतरला. "मला न इचारता?"

पोरं हसली. वडीलही हसले. पडद्यावर सूट घातलेला एक माणूस दाखवत होते आणि खाली 'संघमालक' असं लिहून आलं होतं. कुणीतरी मावशीला ते वाचून दाखवलं, तेव्हा ती टीव्हीकडे काठी करून म्हणाली, "ह्यो मालक कसा? मालकीण मी हाय. बये, तू सांग ह्यास्नी."

आईचं हसू थांबलं. एवढी मोठी बाई, पण ती खरंच घाबरली. पोर जगलं ते त्या व्यवहारावर जगलं, असा तिचा ठाम समज होता. एकदा विकलेलं पोर पुन्हा विकलं, तर पहिला व्यवहार मोडला की काय? त्या आठवड्यात तिने भावाची बॅग भरू दिली नाही. शेवटी म्हणाली, "आपण त्याला अक्काकडनं रीतसर सोडवून घेऊ. मोल देऊ काय ते. मंग जाऊंदे."

हे मावशीच्या कानावर गेलं आणि तिने आमच्याकडे येणंच बंद केलं. कुंपणापलीकडून हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

मग मी मध्ये पडले. भावाचा करार वाचला होता, तोच घेऊन मावशीच्या अंगणात बसले. ती भाकरी थापत होती, माझ्याकडे बघतही नव्हती.

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवता ना?"

"बसवतो की."

"मेंढरं रात्रभर बसतात, रानाला लेंडीखत मिळतं, शेतकरी तुम्हाला धान्य देतो. मग मेंढरं शेतकऱ्याची होतात का?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्येची कशी व्हतील?"

"तसंच हे. त्यांनी त्याचा हंगाम घेतलाय. हंगाम संपला की तो घरी."

"आनि मालकी?"

"मालकी तुमची. करारात मालकीचा शब्दच नाही."

तिने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं आणि ती उलटली. मग म्हणाली, "तुज्या आईला सांग, मी सोडनार न्हाई. लगीन व्हईस्तवर न्हाई. पन हंगामाला जाऊंदे."

आईला मी हे जसंच्या तसं सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला. मालकीण हयात आहे आणि हक्क सोडत नाही, म्हणजे पोराला धोका नाही, असा तिने अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच बॅग भरली.

पहिल्या हंगामात भाऊ छान खेळला. गावात फ्लेक्स लागले. त्यात त्याचा फोटो हातभर आणि शुभेच्छा देणाऱ्यांचे फोटो पुरुषभर उंच. परत आला तेव्हा सगळ्यांसाठी काही ना काही घेऊन आला. मावशीसाठी साडी आणली होती, फिकट जांभळी, काठाला बारीक जर. तिने साडीवरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा पिशवीत घातली.

"नगं रं बाबा. तुज्या आईला दे."

त्याला वाटलं, रंग आवडला नसेल. मग त्याने छत्री आणली. तीही नको. मग शेळ्यांसाठी सरकी पेंडीचं पोतं आणून तिच्या दारात टाकलं. सकाळी ते पोतं आमच्या कुंपणाला टेकवून ठेवलेलं होतं. भाऊ त्या पोत्याकडे बघत उभा राहिला. आतापर्यंत तो तिच्या घरी जाऊन दुधातली भाकरी खायचा, तिच्या वाट्याचं ताक प्यायचा, तिने त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं.

"ताई, माझं काय चुकलं?" तो म्हणाला. "माझ्या पैशाचा वास येतो का तिला?"

मी चिडलेच. माझा स्वभावच तसा आहे, भाऊ हिरमुसलेला दिसला की मला समोरच्याचं चूक-बरोबर कळत नाही. तरातरा गेले आणि म्हटलं, "मावशी, एवढा कसला ताठा? पोर मायेने आणतंय आणि तुम्ही त्याच्या तोंडावर मारता!"

मावशी शेळीचं दूध काढत होती. तिचे हात थांबले.

"पोरी, त्यानं दिलं आन् म्या घेतलं, की फिटलं."

"काय फिटलं?"

"मोल. माज्या हातात त्याचं काय बी पडलं, की त्यो सुटला माज्याकडनं. साडी असू दे न्हाईतर सुई असू दे. मंग माजं काय ऱ्हातं?" तिने पदराने नाक पुसलं. "मला दुसरं काय बी न्हाई गं. ह्यो एक इकत घेतलेला हाय."

मी तिथेच खाली बसले. माणूस घेऊन श्रीमंत होतो एवढंच मला माहीत होतं. न घेता काही राखता येतं, हे मी पहिल्यांदाच बघत होते. घरी येऊन भावाला सांगितलं तसा तो उठून मावशीकडे गेला आणि तिच्या चुलीपुढे बसून भाकरी मागितली. त्यानंतर त्याने तिला कधी काही दिलं नाही. फक्त घेत राहिला. ती वाढायची आणि तो खायचा, ती हरखून बघायची.

हंगाम संपल्यावर संघ दोन याद्या लावतात, कुणाला ठेवणार आणि कुणाला सोडणार. ठेवलेल्याला रिटेन म्हणतात. भाऊ त्या वर्षी रिटेन झाला. मावशीने विचारलं, रिटेन म्हंजी काय? मी म्हटलं, राखून ठेवला.

"राखला!" ती खूश झाली. राखणं हा तिचा रोजचा शब्द होता. चांगला बोकड राखतात, दुभती शेळी राखतात. पुढे कितीतरी दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माजा इकतचा रिटेन झाला."

दुसऱ्या हंगामात त्याचा गुडघा गेला. एका पकडीत अंगावर तीन-चार जण पडले आणि पाय भलत्याच बाजूला वळला. मी ते पुन्हा पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. संघाने ऑपरेशन चांगल्या डॉक्टरकडून करवलं, खर्च केला, माणसं भेटायला आली. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण याद्या लागल्या तेव्हा तो दुसऱ्या यादीत होता. दुखावलेल्या गुडघ्यावर पर्स अडकवून ठेवायची कुणाला परवडत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, आणि घरी येऊन रडले असते.

भाऊ आमच्या गच्चीवर एकटाच व्यायाम करायचा. गुडघा बरा झाला होता, डॉक्टरने खेळायची परवानगी दिली होती. "ताई, कुणीतरी घेईल," तो म्हणायचा. "कमीत घेतलं तरी चालेल. कुणीतरी घेईल ना?" मी "घेईल की" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

पुन्हा लिलाव आला. या वेळी घरात फक्त आम्हीच होतो: आई, वडील, भाऊ आणि मी. पेढे कुणी आणले नव्हते. मावशी दारात बसली होती, मेंढरांसोबत आज मावशीचा नवरा गेला होता. दुपार टळली तेव्हा त्याचा फोटो पडद्यावर आला. जुनाच फोटो, ज्यांनी सोडलं त्याच संघाच्या जर्सीतला. बोली पुकारणाऱ्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एका टेबलावरची माणसं डोकं एकत्र करून काही बोलली. मग त्यांनी मान हलवली. पडद्यावर 'अनसोल्ड' अशी लाल अक्षरं आली आणि लगेच पुढच्या पोराचा फोटो आला.

वडिलांनी टीव्ही बंद केला. भाऊ जागचा हलला नाही. मांडीवर हात उताणे टाकून तो बंद पडद्याकडे बघत होता. आई त्याच्याजवळ सरकली, पण त्याला हात लावायचं तिला धाडस होईना.

"काय लिवलं व्हतं?" मावशीने दारातून विचारलं.

मीच सांगितलं, "विकला गेला नाही."

"मावशे," भाऊ म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "कुनीच घेतला न्हाई गं मला."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि निघून गेली. मला वाटलं, तिला बघवलं नाही. आईने डोळे पुसले. वडील उगाचच रिमोटची बॅटरी काढून पुन्हा घालत बसले.

थोड्या वेळाने मावशी परत आली. तिच्या हातात सूप होतं आणि सुपात भाताचा कोंडा, काठोकाठ भरलेला. पाठीमागे एक शेळी कोंड्याच्या वासाने आत यायला बघत होती, तिला मावशीने पायानेच मागे सारलं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आरं येड्या," ती म्हणाली, "आदीच इकलेला माल दुसरा कोन घेईल? त्यास्नी कळलं असंल. मोठी मानसं हायेत ती."

भावाच्या तोंडून हसू की हुंदका, काहीतरी बाहेर पडलं. तो उठला आणि लंगडत दाराशी गेला. गुडघा बरा झाला होता तरी लंगडत गेला.

मावशीने एक हात सुपाखालून काढून त्याच्या गालावर ठेवला. मग आईला म्हणाली, "बये, ये हिकडं. ह्यो औंदाचा कोंडा. मी रिटेन केलाय त्याला."

आई उठली आणि तिने उंबऱ्यापाशी जाऊन पदर पसरला.